मी उघडलो नाही

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, असं माझ्या शेजारच्या पाटीवर लिहिलेलं आहे. मला स्वतःला मात्र दरवाजा म्हणवून घ्यायची लाज वाटते. ती का वाटते, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. फार वर्षं मनात ठेवलं, आता ठेववत नाही.

तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही असेल. म्युझियमच्या पहिल्या मजल्यावर, मोठ्या दालनात, भिंतीला पाठ लावून मी काचेमागे उभा आहे. माझ्या दर्शनी बाजूवर बोटभर जाडीचा रंग आहे. लाल, निळा, मातकट, शेवाळी, आणि कडीपाशी एक पिवळा पट्टा. शाळेच्या सहली येतात. बाई सांगतात, पाटी वहीत उतरवून घ्या. पाटीवर असं आहे की बटण गल्लीतल्या चित्रकारांनी वीस वर्षं रोज कामाच्या शेवटी उरलेला रंग या दरवाजावर पुसला, आणि ही प्रथा त्यांच्यातल्या एका थोर चित्रकाराने सुरू केली. तुम्ही ते जसंच्या तसं उतरवता, काही जण तर खाली रेघही मारतात. मला तेव्हा कुठे तोंड लपवू असं होतं. प्रथा त्या चित्रकाराने सुरू केली नव्हती. आणि जे खरं लिहायला हवं होतं, ते पाटीवर नाहीच.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझी चूक कुठून कुठे गेली ते तुमच्या लक्षात येईल.

मला एका सुताराने घडवलं. तेव्हा तो पंचविशीचा असेल, नुकतं लग्न झालेलं, आणि हे त्याला मिळालेलं पहिलं मोठं काम. गल्लीत बटणांचा कारखाना उभा राहत होता. शिंपल्यांची आणि हाडांची बटणं कापून झाली की ती धुवायला एक लांबट खोली होती, दगडी हौद आणि चार नळ असलेली. तिथे दिवसभर ओल असणार, म्हणून सुताराने माझ्यासाठी चांगलं मुरलेलं लाकूड निवडलं. तीन उभ्या फळ्या, मागे दोन आडव्या पट्ट्या, बाहेरच्या बाजूला लोखंडी कडी आणि आतल्या बाजूला ओढायला लोखंडी मूठ. मी आतल्या बाजूला उघडायचो. बसवून झाल्यावर सुताराने मला नुसत्या करंगळीने ढकललं आणि मी कुरकुर न करता उघडलो. तो मालकाला म्हणाला की दरवाजाला बाकी अक्कल नसली तरी चालते, सांगितल्याबरोबर उघडता आलं म्हणजे झालं. मालक हसला. मलाही ते काम अगदीच सोपं वाटलं होतं.

कारखान्याची बारा वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. कामगार बायकांच्या दोन्ही हातांत बटणांच्या टोपल्या असायच्या, त्यामुळे त्या मला कमरेने ढकलून आत यायच्या आणि पायाने ओढून बाहेर जायच्या. कोणी माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. आपल्याकडे कोणी बघत नाही, म्हणजे आपण काम नीट करतो आहोत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चौथ्या वर्षी सोळा वर्षांची एक मुलगी कामाला लागली. ती दर शनिवारी घरी जाताना यंत्राच्या डब्यातलं थेंबभर तेल चिंधीवर घेऊन माझ्या बिजागऱ्यांना लावायची. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिला कुरकुर आवडत नसे, माणसांची नाही आणि दारांचीही नाही.

मग लोकांच्या कपड्यांना झिपा आल्या, प्लॅस्टिकची बटणं आली, आणि कारखाना बंद पडला. यंत्रं गेली, बायका गेल्या. मालकाच्या वारसांना त्या जागेचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी त्या मुलीला राखणीला ठेवलं. तिला मागच्या दोन खोल्या राहायला मिळाल्या आणि सगळ्या इमारतीच्या किल्ल्या. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

वर्षभरात पहिला चित्रकार आला. उंच, धिप्पाड, पोटापर्यंत दाढी, आवाज असा की नळातलं पाणी थांबून ऐकेल. त्याला सगळे दाढीवाला म्हणत. त्याने वरच्या मजल्यावरच्या भल्यामोठ्या खिडक्या पाहिल्या. बटणांचे रंग नीट दिसावेत म्हणून त्या केल्या होत्या. त्यांतून दिवसभर एकसारखा शांत उजेड यायचा. भाडं जवळजवळ नाहीच. त्याने त्याच दिवशी गादी आणली. त्याच्यामागून एक मूर्तिकार आला, दोन बहिणी आल्या, एक ट्रम्पेटवाला आला, आणि बघता बघता कारखान्याच्या दर खोलीत कोणी ना कोणी काहीतरी करत बसलेलं असे. मूर्तिकाराने चार वर्षं खपून एक घोडा कोरला आणि तो पुरा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तो खोलीच्या दारातून बाहेर जाणार नाही. त्याने मग घोड्याभोवती संसार मांडला. घोड्याच्या पाठीवर त्याचे कपडे वाळत.

अशी ती माणसं होती. भांडायला रात्र पुरत नसे आणि दुपारी एकाच ताटात जेवत. गल्लीत एक नियम होता. दुसऱ्याच्या चित्राबद्दल वाटेल ते बोला, पण आधी एक कप चहा संपेपर्यंत त्याच्यासमोर गप्प बसून ते बघा. त्यामुळे पुष्कळ टीका चहाबरोबरच पोटात जायची. दुसरा नियम असा की चित्रासाठी मांडून ठेवलेली फळं सगळ्यांचं रंगवून होईपर्यंत कोणी खायची नाहीत. एका साली बहिणींपैकी थोरलीला इतका वेळ लागला की तिच्या चित्रातल्या नासपती एका बाजूने पिवळ्या आणि दुसऱ्या बाजूने काळ्या आहेत. समीक्षकांनी त्यात फार खोल अर्थ काढला.

आणि या सगळ्यांना दटावायला ती किल्ल्यांची मालकीण. निम्म्या लोकांपेक्षा ती वयाने लहान होती, पण तिचा दरारा असा की पहिल्या महिन्यातच सगळे तिला मावशी म्हणू लागले. धुण्याच्या खोलीत ती त्यांचे ब्रश धुवायची. ते काम तिने आपण होऊन घेतलं होतं. ही माणसं ब्रश डब्यात बुडवून विसरून जातात आणि केसांना कायमचा बाक येतो, हे तिला बघवत नसे. टर्पेंटाइनने रंग काढायचा, मग स्टोव्हवर पाणी कोमट करून साबणाने धुवायचं, मग बोटांनी टोक काढून आडवे वाळत ठेवायचे. पुढे तिला एक मुलगी झाली, नवरा आला तसा गेला, पण ब्रशांचं काम एक दिवस चुकलं नाही.

प्रथेची गोष्ट अशी. एका संध्याकाळी दाढीवाला पॅलेट घेऊन धुण्याच्या खोलीकडे आला. पॅलेटवर निळ्या रंगाचा ढीग उरला होता. तो नळाखाली खरवडणार, तेवढ्यात मावशी मध्ये उभी राहिली.

"नळात नाही हं. परवाच हात घालून काढलाय मी तुमचा गाळ."

"मग कुठे टाकू, मावशी?"

"त्या दाराला फासा. त्याचं काय जातंय."

दाढीवाला हसला आणि सुरीने तो निळा रंग माझ्या छातीवर फासला. दुसऱ्या दिवशी मूर्तिकाराने मातीचा हात पुसला, तिसऱ्या दिवशी बहिणींनी लाल. महिन्याभरात तो रिवाजच झाला. काम संपलं की पॅलेट घेऊन खाली यायचं आणि उरलेला रंग दरवाजाला पुसायचा. कोणी सही करायची नाही, कोणी चित्र काढायचं नाही, नुसतं पुसायचं. नवीन कोणी राहायला आलं की पहिले आठ दिवस त्याला पुसू देत नसत. मग एके दिवशी दाढीवाला म्हणायचा, जा, पूस. त्या दिवसापासून तो माणूस गल्लीतला झाला.

मला सुरुवातीला कसंतरीच वाटलं. पण स्तुती कोणाला आवडत नाही? हळूहळू मी हुरळलो. लोक आता मला ढकलण्याआधी थांबून बघायचे. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापाशी आणत. मावशी तेवढी पूर्वीसारखी वागायची. दोन्ही हातांत बादल्या घेऊन यायची आणि मला कमरेने ढकलायची. खरं सांगतो, मला ते आवडेनासं झालं होतं. वाटायचं, जरा जपून नको का? रंग ओला असतो.

आता पिवळ्याबद्दल सांगितलं पाहिजे. तो बावीस-तेवीस वर्षांचा चित्रकार, बारीक अंगाचा, सतत खोकणारा. काहीही रंगवायला घेतलं तरी शेवटी त्यात पिवळा जिंकायचा, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. मावशीचा त्याच्यावर जीव होता. तो एकदा आठवडाभर अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने चित्रासाठी मांडलेल्या नासपती उचलल्या, कापल्या आणि त्याला भरवल्या. थोरल्या बहिणीचं चित्र अर्धंच राहिलं. गल्लीत केवढा गहजब झाला. मावशीने एकच विचारलं की चित्रातली नासपती कोणाचा ताप उतरवते का. पिवळ्या पांघरुणातून हसत होता.

दोन वर्षांनी थंडीत तो गेला. शेवटचं काम केलं त्या दिवशी त्याने भरपूर पिवळा रंग पॅलेटवर काढला होता आणि ब्रश उचलायची ताकदच राहिली नाही. कठड्याला धरून तो खाली आला आणि तो सगळाच्या सगळा रंग त्याने माझ्या कडीपाशी, अगदी कडेला, जाड थापून ठेवला. मावशीला म्हणाला, वाया घालवायला जीव होत नाही. त्यानंतर त्या पिवळ्यावर कोणी दुसरा रंग लावला नाही. रोज सगळे पुसत, पण तेवढी जागा सोडून.

तो पिवळा माझ्या कडेवरून चौकटीपर्यंत उतरला होता. त्यात खोलीची ओल. लाकूड फुगलं, रंग वाळून टणक झाला, आणि मी चौकटीत अडकायला लागलो. आधी खांदा लावावा लागे, पुढे लाथ. मावशीने सुताराला बोलावणं पाठवलं. तो आता साठीला आला होता, गल्लीच्या तोंडाशीच त्याचं दुकान होतं. त्याने माझी कड चाचपली आणि पिशवीतून रंधा काढला. कडीपाशी दोन सूत लाकूड उतरवलं की झालं, अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो म्हणाला.

तेवढ्यात वरून दाढीवाला आला. त्याने सुताराचा हात धरला आणि विचारलं की ते पिवळं कोणाचं आहे ते तुम्हाला माहीत आहे ना. सुताराला माहीत होतं. पिवळ्याच्या तिरडीचे बांबू त्यानेच कापले होते. बाकीचेही गोळा झाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांच्या माणसांसमोर रंधा कसा चालवणार? सुताराने तो परत पिशवीत टाकला. जाताना मावशीला एवढंच म्हणाला की हा दरवाजा पुरता लावू नका.

मित्रांनो, त्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना मेलेल्या मित्राची आठवण जपायची होती. पण जिवंत माणूस रोज त्या दरवाजातून ये-जा करतो, हे त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं. आणि मी? मी मनातून सुखावलो. रंधा टळला म्हणून मी त्या दिवशी फार खूश होतो.

मावशीने मग एक वीट आणली आणि माझ्या आणि चौकटीच्या मध्ये ठेवली. ती आत असली की वीट असायचीच. मी अर्धवट उघडा राहायचो, आतली ओल बाहेर यायची, टर्पेंटाइनचा वास जिन्याभर पसरायचा. दोन वर्षं असं चाललं. ती विटेला हसून माझा मुकादम म्हणायची.

तोवर गल्लीचं नाव झालं होतं. वर्तमानपत्रात फोटो आले, दुसऱ्या गावचे लोक बघायला येऊ लागले. आणि एके दिवशी दुपारी म्युझियमचे साहेब येणार असं कळलं. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. जिना धुतला, घोड्याच्या पाठीवरचे कपडे काढले. दाढीवाल्याने नवा सदरा घातला. साहेबांना आधी मी दाखवायचा, हे ठरलेलंच होतं.

मावशी आत ब्रश धूत होती. स्टोव्हवर पाणी, शेजारी टर्पेंटाइनचा डबा, हौदाच्या काठावर रंगाच्या चिंध्या. दाढीवाला आला, माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मी अर्धा उघडा, म्हणजे अर्धाच दिसत होतो. त्याने वाकून वीट उचलली.

"मावशी, तेवढं पंधरा मिनिटं आतच थांबा. साहेबांना पूर्ण दिसला पाहिजे."

"बरं," ती म्हणाली. "पण लवकर आटपा. वास कोंडतो."

त्याने कडीला धरून मला जोराने ओढलं. मी चौकटीत घट्ट बसलो. इतका नीट मी कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. सगळे रंग एका रेषेत आले. मला अगदी ताठ उभं राहिल्यासारखं वाटलं.

साहेब आले. बारीक चष्मा, हात मागे. ते माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. गल्लीच्या नियमाप्रमाणे त्यांना चहाचा कप दिला होता. मग ते बोलायला लागले, आणि काय बोलले म्हणून सांगू. वीस वर्षांचा इतिहास एका फळीवर आहे, असं काहीतरी. मी ऐकत होतो. माझ्या मागच्या बाजूला एक टकटक झाली, ती मी ऐकली. दाढीवाल्यानेही ऐकली. मावशी कंटाळली असं त्याला वाटलं. त्याने बोटाने दोनदा माझ्यावर ठोकलं, म्हणजे थांबा. साहेबांचं वाक्य अर्धं होतं.

आतून मग जोरात थापा आल्या आणि उंबऱ्यापाशी फटीतून धूर.

काय झालं ते पुढे कळलं. कोंडलेल्या खोलीत वास भरला, मावशीला भोवळ आली, तिचा हात चिंध्यांना लागला आणि एक चिंधी स्टोव्हवर पडली. तिने पाणी ओतलं, पण टर्पेंटाइनचा डबा कलंडला होता. खोलीला एकच खिडकी, तीही वर, गज लावलेली. तिने माझी मूठ दोन्ही हातांनी धरून ओढली. बाहेरून चार जणांनी खांदे लावले. मी हललो नाही. मित्रांनो, मी मुद्दाम केलं नाही. मी प्रयत्न केला. पण मला उघडायचं कसं तेच आता येत नव्हतं.

मुठीचं लोखंड तापत गेलं आणि मावशी ती सोडायला तयार नव्हती.

कोणीतरी सुताराकडे धावलं. तो कुऱ्हाड घेऊनच आला. त्याने मला बनवलं होतं, कुठे अडकलो आहे ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याने थेट कडीपाशी नेम धरला, पिवळ्यावर.

"तिथे नको," दाढीवाला म्हणाला. "खालून मारा. खालून."

त्याचा आवाज रडवेला झाला होता. तो असं का म्हणाला, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कुऱ्हाड हवेत थांबली. सगळे बघत राहिले. दोन्ही बहिणी, मूर्तिकार, ट्रम्पेटवाला, एकानेही मार असं म्हटलं नाही. आणि आता मी ते सांगतो जे मी कधी कोणाला सांगितलं नाही. त्या क्षणी माझ्याही मनात आलं की मला मारू नका.

सुताराने खाली मारलं. एकदा, दोनदा. खालची फळी तडकली, मी तसाच. दोन घाव वाया गेले. एका घावाला किती वेळ लागतो? पण माझ्या पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

मग आतून मावशीचा आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं.

"पिवळ्यावरच मारा. तो काही म्हणायचा नाही."

सुताराने मारलं. पिवळ्या रंगाची खपली उडाली, कड फुटली, आणि मी उघडलो.

तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. तिचे तळहात मी पाहिले. दोन्हींवर माझ्या मुठीची आडवी खूण उमटली होती. आपलं प्रेम ज्याच्यावर आहे त्याच्या अंगावर आपली खूण राहावी असं माणसांना वाटतं, म्हणतात. मला तसलं काही वाटलं नाही. मला फक्त लाज वाटली, आणि ती अजून तशीच आहे.

ती वाचली. छातीत धूर गेला होता, तो दम लागण्याच्या रूपाने कायमचा राहिला. बोटं पुढे कधी पुरती उघडली नाहीत. दाढीवाला तिला बघायला दवाखान्यात गेला आणि परत येऊन माझ्याजवळच्या पायरीवर बसला. बहिणींनी विचारलं, काय म्हणाली? त्याने सांगितलं, तिने विचारलं की डब्यात भिजत टाकलेले ब्रश कोणी काढले का, नाहीतर केस वाकतील. एवढं सांगून त्याने दाढीत तोंड खुपसलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ब्रश कोणीच काढले नव्हते.

त्या दिवसानंतर माझ्यावर कोणी रंग पुसला नाही. कोणी ठरवलं नाही, पण पॅलेट घेऊन खाली येणं थांबलं. लोक मागच्या जिन्याने जाऊ लागले, म्हणजे माझ्यासमोरून जावं लागू नये. साहेबांनी महिन्याभराने मला न्यायचं विचारलं, तेव्हा सगळे लगेच हो म्हणाले. त्यांना मी डोळ्यांसमोर नको होतो. मला तरी मी कुठे हवा होतो? सुताराने बिजागऱ्या काढल्या.

मावशी परत तिथे राहायला आली नाही, मुलीला घेऊन बहिणीकडे गेली. ती गेल्यावर गल्ली टिकली नाही. किल्ल्या कोणाकडे, नळ कोण दुरुस्त करणार, भांडण कोण मोडणार? एकेक जण निघून गेला. ऐकतो की तिथे आता हॉटेल आहे. मूर्तिकाराचा घोडा अजून त्याच खोलीत आहे आणि त्याच्याभोवती टेबलं मांडली आहेत. भिंतीवर माझा मोठा फोटो आहे म्हणे. गल्लीला आता कलावंतांची गल्ली म्हणतात, पण कलावंत कोणी तिथे राहत नाही.

इथे आल्यावर म्युझियमच्या लोकांनी माझी फार काळजी घेतली. कडीपाशी जिथे घाव बसला होता, तिथे त्यांनी नवं लाकूड भरून हुबेहूब पिवळा रंग लावला. आता सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. खालचे दोन घाव मात्र तसेच ठेवले. लोकांच्या लाथांनी फळी झिजली असेल असं बघणाऱ्यांना वाटतं. माझी मागची बाजू भिंतीकडे आहे. ती काळी पडलेली आहे आणि मूठ अजून तिथेच आहे, पण ती कोणाला दिसत नाही.

आणि गेल्या महिन्यात ती आली.

तुमच्यासारखीच एक सहल आली होती, मुलं पाटी उतरवत होती. त्यांच्या मागे एक म्हातारी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, धापा टाकत. मी तिला लगेच ओळखलं, हात बघायच्याही आधी. मुलं पुढे गेल्यावर ती काचेजवळ आली. आधी तिने खालचे घाव पाहिले, मग कडी, मग पिवळा पट्टा. त्याच्याकडे तिने फार वेळ बघितलं आणि लेकीला म्हणाली, हे त्याचं नाही. लेकीला वाटलं आईला नीट दिसत नाहीये. तिने पाटी वाचून दाखवली. थोर चित्रकाराने सुरू केली, इथपर्यंत आल्यावर मावशी जराशी हसली आणि पुढे वाच म्हणाली. पुढे काहीच नव्हतं.

तिने काचेवर हात टेकला. बोटं अर्धीच उघडली. पहारेकरी लगबगीने आला, पण म्हातारी बघून मऊ आवाजात बोलला.

"आजी, काचेला हात नका लावू."

"बरं," ती म्हणाली आणि हात काढला. "हा उघडतो का हो?"

"नाही आजी. हा उघडत नाही. हा नुसता बघायचा."

मावशीने मान हलवली.

"तेव्हाही उघडला नव्हता," ती म्हणाली, आणि लेकीचा खांदा धरून हळूहळू पुढच्या दालनात गेली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, मला काचेबाहेर येता येत नाही, आणि आता कोणासाठी उघडताही येत नाही. तेव्हा तुम्हीच माझं एक काम करा. आज घरी गेलात की घरातला प्रत्येक दरवाजा करंगळीने ढकलून बघा. शनिवारी त्याच्या बिजागऱ्यांना थेंबभर तेल लावा. आणि एखादा अडकत असेल तर त्याच दिवशी सुताराला बोलवा. वरचा रंग जाईल म्हणून घरात कोणी हळहळलं, तर त्यांना माझी गोष्ट सांगा. ती सांगताना दाढीवाल्याला फार बोल लावू नका. त्याने वीट काढली खरी, पण उघडायचं काम माझं होतं.